ऋणातून जन्मलेला अल्बम : मार्व्हिन गे यांच्या ‘हिअर, माय डिअर’ची उपेक्षा आणि पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

कलाकृतीचे मूल्य आणि तिला बाजारात मिळालेले यश यांचा परस्परसंबंध हा कलासमीक्षेतील जुना प्रश्न आहे. साहित्य, चित्रकला, नाट्य या क्षेत्रांत त्याची चर्चा वारंवार झाली आहे. ध्वनिमुद्रित संगीताच्या बाबतीत मात्र हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरतो. ध्वनिमुद्रिका ही एकाच वेळी कलाकृती असते आणि औद्योगिक उत्पादनही असते. तिच्यासाठी कंपनी आगाऊ रक्कम देते, तिची जाहिरात करते, विक्रीच्या साप्ताहिक याद्यांवरून तिचे यशापयश ठरविले जाते आणि कलावंताचे पुढील भवितव्यही पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते. अशा व्यवस्थेत एखादी ध्वनिमुद्रिका विकली गेली नाही, तर ती विस्मृतीत जाण्यास फार काळ लागत नाही.

अमेरिकन सोल गायक मार्व्हिन गे यांचा ‘हिअर, माय डिअर’ हा डिसेंबर १९७८ मध्ये प्रकाशित झालेला अल्बम या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. शीर्षकाचा अर्थ ‘हे घे, प्रिये’ असा सांगता येईल. घटस्फोटाच्या तडजोडीतील रक्कम चुकती करण्यासाठी हा अल्बम तयार झाला आणि तो घटस्फोट हाच त्याचा विषय झाला. प्रकाशनानंतर श्रोत्यांनी त्याकडे बव्हंशी पाठ फिरविली. पुढे मात्र गे यांच्या प्रमुख कृतींमध्ये त्याची गणना होऊ लागली. ही उपेक्षा का झाली, नंतरचे पुनर्मूल्यांकन कशाच्या आधारे झाले आणि त्या पुनर्मूल्यांकनात कोणती सावधगिरी बाळगली पाहिजे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सोल संगीत आणि मोटाउन

सोल हा संगीतप्रकार १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९६० च्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात विकसित झाला. चर्चमधील गॉस्पेल गायन आणि लौकिक विषयांवरील ऱ्हिदम अँड ब्लूज या दोन प्रवाहांच्या संगमातून तो निर्माण झाला. मुख्य गायकाने एक ओळ म्हणावी आणि समूहाने तिला प्रतिसाद द्यावा ही रचना, एकाच अक्षरावर स्वर खेळविण्याची पद्धत आणि गाता गाता मध्येच बोलण्याचा आश्रय घेणे ही गॉस्पेलची वैशिष्ट्ये सोल संगीताने उचलली. ईश्वराला उद्देशून असलेली आर्तता येथे मानवी प्रेमाकडे वळविली गेली. मार्व्हिन गे यांचा जन्म २ एप्रिल १९३९ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते आणि गे यांच्या गायनाचा आरंभ चर्चमध्येच झाला.

बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबाकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन डेट्रॉइट येथे जी कंपनी सुरू केली, तीच पुढे मोटाउन या नावाने जगप्रसिद्ध झाली. थोडक्या वेळाचे, चटकन लक्षात राहणाऱ्या ध्रुवपदाचे आणि रेडिओवर सहज वाजविता येईल असे गीत हे मोटाउनच्या व्यवसायाचे सूत्र होते. गे यांची १९६० च्या दशकातील लोकप्रियता याच सूत्रावर उभी होती. मात्र १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमने त्यांनी ही चौकट मोडली. युद्ध, दारिद्र्य आणि पर्यावरण यांसारखे विषय त्यात होते. सुरुवातीस गॉर्डी यांना या गीतांविषयी भरवसा नव्हता. प्रत्यक्षात त्या अल्बमला मोठे यश मिळाले आणि गे यांना निर्मितीचे स्वातंत्र्य प्राप्त झाले. विक्रीविषयी कंपनीने केलेला अंदाज चुकू शकतो, हे या घटनेतून दिसून आले होते.

ॲना गॉर्डी यांचे स्थान

या अल्बमचा विचार करताना ॲना गॉर्डी यांची ओळख केवळ ‘गायकाची पत्नी’ एवढीच करून देणे अपुरे ठरेल. त्या बेरी गॉर्डी यांच्या थोरल्या भगिनी होत. मोटाउनच्या उभारणीपूर्वीच त्यांच्या नावाने ‘ॲना रेकॉर्ड्स’ ही कंपनी गॉर्डी कुटुंबात सुरू झाली होती. गे यांच्यापेक्षा त्या १७ वर्षांनी मोठ्या होत्या. १९६३ मध्ये उभयतांचा विवाह झाला. त्या वर्षीचे ‘प्राइड अँड जॉय’ हे गे यांचे लोकप्रिय गीत ॲना यांच्यावरील प्रेमातून स्फुरले होते. पुढे ‘दि ओरिजिनल्स’ या गायकसमूहाच्या ‘बेबी, आय ॲम फॉर रिअल’ या १९६९ च्या गीताचे लेखन पतिपत्नींनी मिळून केले. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मधील काही गीतांच्या लेखकांमध्येही ॲना यांचे नाव आहे.

याचा अर्थ असा की, विवाह, व्यवसाय आणि सर्जन ही तीनही नाती येथे एकमेकांत गुंतलेली होती. पत्नीचा भाऊ हाच कंपनीचा मालक, पत्नी हीच सहलेखिका आणि कंपनीकडून मिळणारे मानधन हेच संसाराचे साधन, अशी ही रचना होती. विवाह तुटल्यावर या सर्व नात्यांचा हिशेब एकाच वेळी मांडला जाणे त्यामुळे अपरिहार्य झाले.

निर्मितीची पार्श्वभूमी

ॲना यांनी १९७५ मध्ये घटस्फोटासाठी न्यायालयात अर्ज केला. तत्पूर्वीच गे यांचे जॅनिस हंटर यांच्याशी संबंध जुळले होते. गे यांची मिळकत मोठी होती, परंतु खर्च त्याहून मोठा होता. त्यामुळे तडजोडीची रक्कम रोख देणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा त्यांचे वकील कर्टिस शॉ यांनी एक वेगळाच मार्ग सुचविला. गे यांच्या पुढील अल्बमसाठी मोटाउनकडून मिळणारी आगाऊ रक्कम आणि त्या अल्बमच्या उत्पन्नाचा काही भाग ॲना यांना द्यावा, असा तो प्रस्ताव होता. तडजोडीची एकूण रक्कम ६ लाख डॉलर होती. त्यातील सुमारे निम्मी रक्कम आगाऊ मानधनातून आणि उरलेली विक्रीच्या उत्पन्नातून द्यावयाची होती. मार्च १९७७ मध्ये घटस्फोटाची प्रक्रिया पूर्ण झाली.

या व्यवस्थेमुळे एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. जो अल्बम अद्याप लिहिलाही गेला नव्हता, त्याचे उत्पन्न अगोदरच वाटून झाले होते. गे यांनी आपले चरित्रकार डेव्हिड रिट्झ यांना पुढे सांगितले त्यानुसार, आरंभी घाईघाईने एखादा सामान्य अल्बम करून जबाबदारीतून मोकळे व्हावे असा त्यांचा विचार होता. काम सुरू झाल्यावर मात्र विषयाने त्यांची पकड घेतली. हॉलिवूडमधील सनसेट बुलेव्हार्ड या रस्त्यावर त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. तेथे १९७७ मध्ये बहुतांश मुद्रण झाले. स्वतःचा स्टुडिओ असल्याने वेळेचे बंधन नव्हते आणि कंपनीच्या प्रतिनिधींची देखरेखही नव्हती. याच वर्षी जून महिन्यात गे यांचे ‘गॉट टू गिव्ह इट अप’ हे नृत्यगीत ‘बिलबोर्ड’च्या मुख्य गीतयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. लोकांना काय हवे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही.

अल्बमचे स्वरूप

‘हिअर, माय डिअर’ हा दोन तबकड्यांचा, १४ रचनांचा अल्बम आहे. त्याचा एकूण अवधी सुमारे ७३ मिनिटांचा आहे. पहिल्याच रचनेत गायक हा अल्बम आपल्या पूर्वपत्नीला अर्पण करतो. अर्पणपत्रिकेचा स्वर सौम्य आहे, पण त्यातील उपरोध लपत नाही. त्यानंतरचे ‘आय मेट अ लिटल गर्ल’ हे गीत पहिल्या भेटीपासून विभक्त होण्यापर्यंतची कथा सांगते. त्याची गायनशैली १९५० च्या दशकातील डू-वॉप समूहगायनाची आहे. गे यांनी तरुणपणी ‘मूनग्लोज’ या अशाच समूहात गायन केले होते. भूतकाळाचे कथन त्या काळच्या शैलीत करण्याची ही योजना औचित्यपूर्ण आहे.

अल्बमच्या केंद्रस्थानी ‘तू माझ्यावर प्रेम करणे केव्हा थांबविलेस, मी तुझ्यावर प्रेम करणे केव्हा थांबविले’ या आशयाचे दीर्घ शीर्षक असलेली रचना आहे. सहा मिनिटांहून अधिक लांबीच्या या गीताला रूढ अर्थाने ध्रुवपद नाही. ओळी कमीअधिक लांबीच्या असून त्या गद्यातील स्वगताप्रमाणे पुढे सरकतात. आरोप, कबुली, आठवण आणि पैशाचा हिशेब ही सर्व एकाच प्रवाहात येतात. ही रचना पुढे केवळ वाद्यसंगीताच्या रूपात पुन्हा येते आणि अल्बमच्या अखेरीस तिचा एक लहानसा अंश तिसऱ्यांदा ऐकू येतो. शीर्षकातील प्रश्नाला अखेरपर्यंत उत्तर मिळत नाही, हे या पुनरावृत्तीतून सूचित होते.

‘अँगर’ या गीतात क्रोध व्यक्त करण्याऐवजी क्रोधाच्या विध्वंसक स्वरूपाविषयी स्वतःलाच बजावले आहे. त्याचा ठेका मात्र आक्रमक फंक शैलीचा आहे, त्यामुळे शब्द आणि ताल परस्परांशी झगडतात. ‘इज दॅट इनफ’मध्ये न्यायालयीन प्रक्रियेचा आणि पोटगीचा थेट उल्लेख आहे. या रचनेच्या उत्तरार्धात शब्द थांबतात आणि सॅक्सोफोनचे दीर्घ वादन सुरू होते. ‘अ फंकी स्पेस रीइन्कार्नेशन’ भविष्यकाळातील अंतराळप्रवासाच्या कल्पनेत रमते, तर ‘यू कॅन लीव्ह, बट इट्स गोइंग टू कॉस्ट यू’ या शीर्षकातच जाण्याची मुभा आणि त्याची किंमत एकत्र आली आहे. ‘ॲनाज साँग’मध्ये कटुता ओसरून केवळ नावाचा उच्चार उरतो. ‘फॉलिंग इन लव्ह अगेन’ नव्या प्रेमाची वार्ता देते, परंतु त्यानंतर लगेच जुना प्रश्न परत येतो. कथानकाला सुखान्त मिळू न देण्याची ही रचना जाणीवपूर्वक केलेली दिसते.

तांत्रिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे गे यांनी आपल्याच आवाजाचे अनेक थर एकमेकांवर मुद्रित केले आहेत. बहुपदरी मुद्रणाचे हे तंत्र त्यांनी ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पासून विकसित केले होते. येथे मात्र त्याला नाट्यात्म प्रयोजन प्राप्त झाले. मंद्र आवाज कथा सांगतो, मधला आवाज तक्रार करतो आणि उंच, कोवळा आवाज विनवणी करतो. गॉस्पेलमध्ये गायकाला समूहाकडून प्रतिसाद मिळतो. या अल्बममध्ये बहुतेक ठिकाणी प्रतिसाद देणाराही गायक स्वतःच आहे. विवाहातील संवाद संपल्यावर उरणारे एकाकीपण या तंत्रातून शब्दांवाचून व्यक्त होते.

वेष्टनावरील चित्रेही याच आशयाला पूरक आहेत. मायकेल ब्रायन यांनी रंगविलेल्या मुखपृष्ठावर गे प्राचीन रोमन पद्धतीच्या वेशात दिसतात. आतील बाजूस ‘मोनोपॉली’ या मालमत्तेच्या खेळासारखा पट असून त्यावरून पुरुषाचा हात स्त्रीच्या हाती तबकडी देत आहे. ज्या व्यवहारातून अल्बम जन्मला तो व्यवहार लपविण्याऐवजी चित्रकाराने तोच समोर मांडला आहे.

व्यावसायिक अपयशाची कारणे

गे यांच्या पूर्वीच्या अल्बमशी तुलना केल्यास अपयशाचे स्वरूप स्पष्ट होते. ‘बिलबोर्ड’च्या मुख्य अल्बम यादीत ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ६ व्या, १९७३ चा ‘लेट्स गेट इट ऑन’ २ ऱ्या आणि १९७६ चा ‘आय वाँट यू’ ४ थ्या क्रमांकापर्यंत पोहोचला होता. ‘हिअर, माय डिअर’ २६ व्या क्रमांकापुढे गेला नाही. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या पसंतीवर आधारलेल्या सोल यादीत त्याने ४ था क्रमांक गाठला, परंतु आधीचे तीनही अल्बम त्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. ‘अ फंकी स्पेस रीइन्कार्नेशन’ हे स्वतंत्र गीत म्हणून प्रसिद्ध करण्यात आले. ते सोल गीतांच्या यादीत २३ व्या क्रमांकावर थांबले.

या अपयशाचे एक कारण तत्कालीन अभिरुचीत शोधता येते. १९७८ हे वर्ष डिस्कोचे होते. ‘सॅटर्डे नाइट फीवर’ या चित्रपटाचा संगीत अल्बम त्या वर्षी अमेरिकेत सलग २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. दुसरे कारण रचनेशी निगडित आहे. ध्रुवपद नसलेली सहा ते आठ मिनिटांची गीते रेडिओच्या वेळापत्रकात बसत नव्हती. दोन तबकड्यांमुळे अल्बमची किंमतही वाढली. शिवाय गे यांच्याकडून श्रोत्यांची अपेक्षा प्रणयगीतांची होती. येथे त्यांना वकील, न्यायाधीश आणि पोटगी यांविषयी ऐकावे लागले.

केवळ विषय दुःखद असल्याने अल्बम चालला नाही, असे मात्र म्हणता येत नाही. फ्लीटवुड मॅक या समूहाचा ‘रूमर्स’ हा अल्बम १९७७ च्या प्रारंभी प्रकाशित झाला. त्याचाही विषय सदस्यांच्या तुटलेल्या नात्यांचा होता. तरीही तो ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. फरक दोन बाबतींत होता. ‘रूमर्स’मधील गीते आटोपशीर आणि ध्रुवपदयुक्त होती, त्यामुळे दुःखाचा संदर्भ ठाऊक नसतानाही ती गुणगुणता येत होती. दुसरे म्हणजे, त्या समूहात विभक्त होणाऱ्या स्त्रीपुरुषांना आपापली बाजू गीतांतून मांडण्याची संधी होती. ‘हिअर, माय डिअर’मध्ये यांपैकी काहीच नव्हते. श्रोत्याला एकाच पक्षाची दीर्घ साक्ष ऐकावी लागत होती आणि तिला सुटसुटीत गीताचा आधारही नव्हता.

पुनर्मूल्यांकन आणि त्यातील नैतिक प्रश्न

अल्बमच्या अपयशानंतर गे यांची आर्थिक स्थिती अधिकच खालावली. त्यांनी अमेरिका सोडली आणि हवाई, लंडन व बेल्जियम येथे काही काळ घालविला. १९८१ मध्ये मोटाउनशी असलेला त्यांचा संबंध संपुष्टात आला. १९८२ मध्ये दुसऱ्या कंपनीसाठी केलेल्या ‘सेक्शुअल हीलिंग’ या गीताने त्यांना पुन्हा यश मिळवून दिले. १ एप्रिल १९८४ रोजी वडिलांनी झाडलेल्या गोळ्यांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या समग्र कार्याकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. कॉम्पॅक्ट डिस्कच्या काळात या अल्बमच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५०० श्रेष्ठ अल्बमच्या यादीतही त्याचा समावेश झाला.

या पुनर्मूल्यांकनातील एक गोष्ट लक्षणीय आहे. ज्या गुणांमुळे अल्बम विकला गेला नाही, त्याच गुणांसाठी तो आता नावाजला जातो. ध्रुवपदाचा अभाव, रचनांची लांबी, खासगी तपशिलांची मोकळीक आणि सुखान्ताला दिलेला नकार हे पूर्वी दोष मानले गेले. अल्बम ही संपूर्ण ऐकण्याची सलग कृती आहे असे गृहीत धरल्यावर तेच गुण ठरतात. याचे मूळ त्याच्या निर्मितीच्या अटीत आहे. उत्पन्न आधीच दुसऱ्याच्या नावे झाल्याने बाजाराला खूश करण्याचे प्रलोभन गे यांच्यापुढे नेहमीइतके प्रबळ नव्हते. कर्जाने त्यांना बांधले आणि त्याच कर्जाने एका अर्थी मोकळेही केले.

तथापि कलात्मक गौरवाच्या ओघात एक प्रश्न दृष्टिआड होऊ नये. हा अल्बम एका विवाहाविषयी आहे, पण त्यात एकच व्यक्ती बोलते. ॲना या स्वतः गीतलेखिका होत्या, तरीही या कथनात त्यांना पात्राचे स्थान मिळाले, वक्त्याचे नाही. त्यांच्या खासगी जीवनाचे तपशील त्यांच्याच बंधूंच्या कंपनीमार्फत विक्रीस आले. खासगीपणाच्या भंगाबद्दल दावा करण्याचा विचार त्यांनी केल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. प्रत्यक्षात त्यांनी तसे केले नाही. पुढील काळात उभयतांमध्ये पुन्हा स्नेहाचे संबंध निर्माण झाले. ॲना यांचे निधन २०१४ मध्ये झाले.

अल्बममधील प्रामाणिकपणाची प्रशंसा करताना तो प्रामाणिकपणा एकपक्षीय आहे, हे ध्यानात ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. स्वतःच्या वेदनेविषयी खरे बोलणे आणि दुसऱ्याविषयी न्याय्य बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गे यांना पहिली साधली. दुसरी साधली नाही याची जाणीव त्यांच्या गायनात अधूनमधून डोकावते. ‘तू केव्हा थांबविलेस’ या आरोपाला ‘मी केव्हा थांबविले’ हा प्रश्न जोडलेला आहे, हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. अल्बमचे टिकाऊ मूल्य याच जोडलेल्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘हिअर, माय डिअर’ची उपेक्षा कलावंताच्या क्षमतेच्या ऱ्हासामुळे झाली नाही. त्याच वर्षांत गे यांनी लोकप्रिय गीतही दिले होते. अल्बमची रचना आणि तत्कालीन वितरणव्यवस्था यांच्यातील विसंगती हे उपेक्षेचे प्रमुख कारण होय.

२. कलाकृतीची आर्थिक पार्श्वभूमी ही तिच्या बाहेरची बाब नसते. येथे तडजोडीच्या अटीने विषय, रचना आणि वेष्टन या तिन्हींना आकार दिला.

३. आवाजाच्या बहुपदरी मुद्रणाचे तंत्र या अल्बममध्ये आशयाशी एकरूप झाले आहे. तंत्राचा असा अर्थपूर्ण वापर हे त्याचे सांगीतिक महत्त्व आहे.

४. व्यावसायिक अपयश हा कलात्मक अपयशाचा पुरावा नसतो, तसाच तो श्रेष्ठतेचाही पुरावा नसतो. उपेक्षित कृतीचे पुनर्मूल्यांकन तिच्या अंगभूत गुणांवर झाले पाहिजे.

५. आत्मकथनपर कलाकृतीचा गौरव करताना तिच्यात ज्यांना बोलता आले नाही त्यांचे स्थान विचारात घेणे हे समीक्षेचे कर्तव्य आहे. या अल्बमच्या बाबतीत ते स्थान ॲना गॉर्डी यांचे आहे. त्यांचे सर्जनशील योगदान लक्षात घेतल्याशिवाय या अल्बमचे आकलन पूर्ण होत नाही.